बससेवेचा खर्च एका दराने का मोजता येत नाही, आणि त्याचे मॉडेल कसे बांधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहर बससेवेचा वर्षाचा एकूण खर्च भागिले वर्षाचे एकूण किलोमीटर, असा एक दर काढलेला आहे. त्याच दराने तीन अंदाज काढले जातात: दुपारी फेऱ्या वाढवल्या तर किती खर्च येईल, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत जादा गाड्या सोडल्या तर किती, आणि एक तोट्यातला मार्ग बंद केला तर किती वाचेल. तिन्ही अंदाज प्रत्यक्षात चुकतात. मग मॉडेल कसे बांधायचे?

भागाकार बरोबर आहे, पण किलोमीटर हे सगळ्या खर्चाचे कारण नाही. वाहतूक कोंडीत अडकलेली गाडी एक मीटरही सरकत नाही, तरी चालकाचा पगार चालूच असतो. दुपारी आगारात उभी असलेली गाडी किलोमीटर करत नाही, तरी तिचा हप्ता, विमा आणि तिने अडवलेली जागा यांचा खर्च थांबत नाही. किलोमीटरमुळे खरोखर वाढतात ते इंधन, टायर आणि दुरुस्तीचा मोठा भाग, एवढेच. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक खर्चाला विचारायचे: तू कशामुळे वाढतोस?

बससाठी या प्रश्नाची उत्तरे बहुतेक तीन गठ्ठ्यांत बसतात. चालक-वाहकांचा खर्च गाडी-तासांवर, म्हणजे सगळ्या गाड्या मिळून जितके तास चालतात त्यांवर, अवलंबून असतो. इंधन, वंगण, टायर आणि वापराने होणारी झीज गाडी-किलोमीटरवर. गाड्यांचा भांडवली खर्च, विमा, आगार आणि बराचसा प्रशासकीय खर्च हा दिवसातल्या सर्वात गर्दीच्या क्षणी रस्त्यावर किती गाड्या लागतात त्यावर. त्यांना आपण कमाल गाड्या म्हणू. सूत्र असे होते:

वार्षिक खर्च = (क × गाडी-तास) + (ख × गाडी-किलोमीटर) + (ग × कमाल गाड्या)

आता हिशेबासाठी धरलेले आकडे घेऊ. हे कुठल्या संस्थेचे नाहीत. चलनाच्या जागी नुसते 'एकक' धरले आहे. सेवेचा वर्षाचा खर्च १,००० लाख एकक. त्यात चालक-वाहक ४५०, इंधन २००, टायर आणि किलोमीटरशी जोडलेली दुरुस्ती ८८, गाड्यांचा भांडवली खर्च १२०, विमा आणि काळाप्रमाणे करावी लागणारी दुरुस्ती ४२, आगार व प्रशासन १०० लाख. कमाल गाड्या १००, राखीव धरून ताफा ११२. वर्षाचे गाडी-तास ४.५ लाख, सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर, म्हणजे ७२ लाख किलोमीटर.

यातून क येतो १०० एकक प्रति तास, ख ४ एकक प्रति किलोमीटर आणि ग २.६२ लाख एकक प्रति कमाल गाडी. सरासरीचा दर मात्र १३.८९ एकक प्रति किलोमीटर. लक्षात घ्या, ग काढताना भागायचे ते १०० ने, ११२ ने नाही. राखीव गाड्या मुख्य गाड्यांसाठीच असतात, त्यांचा खर्च त्यांच्याच माथी गेला पाहिजे.

पहिला प्रश्न: दुपारी मोकळ्या असलेल्या २ गाड्या रोज ४ तास, वर्षाचे ३०० दिवस चालवायच्या. २,४०० तास झाले, दुपारचा वेग १८ धरला तर ४३,२०० किलोमीटर. सरासरीचा दर सांगतो ६ लाख एकक. तीन घटकांचे मॉडेल सांगते: तासांचे २.४० लाख, किलोमीटरचे १.७३ लाख, कमाल गाड्या शून्याने वाढल्या, एकूण ४.१३ लाख.

दुसरा प्रश्न: गर्दीत २ जादा गाड्या, सकाळी अडीच आणि संध्याकाळी अडीच तास, ३०० दिवस. ३,००० तास, गर्दीतला वेग १२ धरला तर ३६,००० किलोमीटर. सरासरीचा दर सांगतो ५ लाख. मॉडेल सांगते: तासांचे ३.०० लाख, किलोमीटरचे १.४४ लाख, दोन कमाल गाड्यांचे ५.२४ लाख, एकूण ९.६८ लाख.

म्हणजे सरासरीच्या दराने गर्दीतली सेवा दुपारच्या सेवेपेक्षा स्वस्त दाखवली, आणि ती प्रत्यक्षात दुपटीहून महाग आहे. गर्दीत गाडी हळू चालते, कमी किलोमीटर करते, म्हणून त्या दराला ती स्वस्त वाटते. आकडा नुसता चुकला असता तर एक वेळ चालले असते, पण इथे दोन पर्यायांचा क्रमच उलटा झाला. नियोजनाचे निर्णय या क्रमावरच घेतले जातात.

चालकाचा तास आणि गाडीचा तास

सर्वात मोठा गठ्ठा मनुष्यबळाचा, आणि मॉडेल सर्वात जास्त चुकते तेही इथेच. गाडी-तास म्हणजे पगाराचा तास नव्हे. ८ तासांच्या ड्युटीत हजेरी, गाडीची तपासणी, विश्रांती, गाडी बदलणे आणि शेवटी हिशेब जमा करणे यांत १ तास ३६ मिनिटे गेली, तर प्रत्यक्ष स्टिअरिंगवर ६ तास २४ मिनिटे उरतात. पगाराचे तास भागिले स्टिअरिंगचे तास, हे गुणोत्तर १.२५ झाले. हा आकडा अंदाजाने धरू नका. ड्युटी-पत्रकांवरून काढा, आणि तोही आगारवार, कारण मार्गापासून लांब असलेल्या आगाराचे गुणोत्तर नेहमीच वाईट असते.

गर्दीपुरत्या गाड्यांचे गुणोत्तर वेगळे निघते. सकाळी अडीच तास, मध्ये मोठी सुट्टी, संध्याकाळी अडीच तास अशा स्प्लिट ड्युटीत चालक ५ तास स्टिअरिंगवर असतो, पण पगार ८ तासांचाच. गुणोत्तर १.६. वरच्या उदाहरणात सरासरी गुणोत्तर १.२५ धरून तासाचा दर १०० असेल, तर गर्दीच्या तासाचा दर १२८ होतो आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ९.६८ वरून १०.५२ लाखांवर जाते. याची दुसरी बाजूही पाहा. याच चालकांच्या मधल्या मोकळ्या वेळेचा काही भाग दुपारच्या फेऱ्यांना जोडता आला, तर तेवढ्या तासांचा पगार आधीच दिलेला आहे. तिथे नवा खर्च इंधनाचा आणि झिजेचाच. म्हणून तासाचा एकच दर ठेवण्याऐवजी गर्दीचा आणि बिगरगर्दीचा असे दोन दर ठेवणे फार मोलाचे ठरते. आणि शक्य असेल तिथे सूत्रावर विसंबू नका. नवे वेळापत्रक घेऊन ड्युट्या खरोखर लावून पाहा, किती नव्या ड्युट्या लागतात ते मोजा. दोन जादा फेऱ्या कधी कधी आहे त्या ड्युट्यांत बसून जातात, तर कधी एका फेरीसाठी पूर्ण नवी ड्युटी उघडावी लागते.

एका ड्युटीला किती माणसे लागतात हाही वेगळा हिशेब आहे. सेवा वर्षाचे ३६५ दिवस चालते. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० दिवस रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि सणांच्या सुट्ट्या मिळून १८ दिवस धरले, तर तो २६५ दिवस हजर असतो. ३६५ भागिले २६५, म्हणजे प्रत्येक ड्युटीमागे सुमारे १.३८ माणसे. यापेक्षा कमी माणसे असतील तर फरक ओव्हरटाइमने भरला जातो किंवा फेऱ्या रद्द होतात. मनुष्यबळ कमी ठेवून खर्च वाचल्याचे दाखवणाऱ्या हिशेबात ओव्हरटाइमची ओळ नेहमी शोधा. ती बहुधा दुसऱ्याच शीर्षाखाली असते.

गाड्या पूर्णांकात लागतात

मार्गाला किती गाड्या लागतील? जाण्या-येण्याचा वेळ आणि टोकांवरचा थांबा मिळून एका चक्राचा वेळ, त्याला दोन फेऱ्यांमधल्या अंतराने भागायचे आणि वरच्या पूर्णांकावर जायचे. धावण्याला ८६ मिनिटे आणि दोन्ही टोकांचा थांबा १२ मिनिटे धरला, तर चक्र ९८ मिनिटांचे. दर १२ मिनिटांनी गाडी हवी असेल तर ९८ भागिले १२ म्हणजे ८.१७, म्हणून ९ गाड्या. नववी गाडी येते ती फक्त २ मिनिटांसाठी, आणि चक्रात १० मिनिटे वाया जातात.

इथेच मॉडेल सर्वात उपयोगी पडते. अंतर १२ ऐवजी सव्वाबारा मिनिटे केले तर ८ गाड्यांत काम भागते; मात्र घड्याळाशी जुळणारे, लक्षात राहणारे वेळापत्रक जाते. दुसरा रस्ता प्रवासी चढण्याच्या वेळेतून निघतो. चक्रात १२० प्रवासी चढत असतील आणि तिकीट गाडीत चढण्याआधीच काढण्याची सोय करून माणशी दीड सेकंद वाचला, तर १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे मिळाली. चक्र ९५ मिनिटांचे झाले आणि ८ गाड्या पुरल्या. पण चक्र आधीच ९४ मिनिटांचे असते, तर हेच ३ मिनिटे वाचवून एकही गाडी सुटली नसती. वेळापत्रक थोडे सैल झाले असते एवढेच. त्यामुळे 'वेग ५ टक्क्यांनी वाढला की खर्च इतक्या टक्क्यांनी घटतो' असे सरसकट विधान संपूर्ण जाळ्यासाठी साधारण चालते, एका मार्गासाठी चालत नाही.

संपूर्ण जाळ्याचा वेग १६ वरून १५ वर आला तर काय होते ते वरच्याच आकड्यांवर पाहा. तेच ७२ लाख किलोमीटर करायला ४.८ लाख तास लागतात, म्हणजे तासांचे ३० लाख एकक वाढले. कमाल गाड्या १०० च्या १०७ झाल्या, त्यांचे १८.३ लाख. मिळून ४८ लाखांहून अधिक, एकूण खर्चाच्या जवळजवळ ५ टक्के. आणि कोंडीत जास्त जळणारे इंधन अजून धरलेलेच नाही. हाच हिशेब उलटा केला की बससाठी राखीव मार्गिकेचे मोल निघते. बससेवेचा खर्च कमी करण्याचे सर्वात मोठे साधन रस्त्यावर असते, कार्यालयात नाही. हे मॉडेल ज्यांच्या हाती आहे त्यांनी रस्ते आखणाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा मांडले पाहिजे.

टोकांवरचा थांबा ठरवताना धावण्याच्या वेळेचे १० ते १५ टक्के, असा सरधोपट नियम लावतात. जीपीएसची नोंद हाती असेल तर नियम सोडा आणि तासवार धावण्याच्या वेळा मांडा. १०० पैकी ८५ ते ९५ फेऱ्या ज्या वेळेत पूर्ण होतात ती वेळ चक्रासाठी धरा. सरासरी वेळ धरली तर निम्म्याच्या आसपास फेऱ्या उशिराच निघतील. मग उशीर भरून काढायला अर्ध्या वाटेतून गाडी परत फिरवली जाईल, आणि मॉडेलमधले किलोमीटर व प्रत्यक्षातले किलोमीटर जुळणार नाहीत.

किलोमीटरचा खर्च

इंधनासाठी मार्गावरचे किलोमीटर नव्हे, एकूण धावलेले किलोमीटर घ्या. आगार ते मार्ग आणि परत, हे रिकामे किलोमीटर गावाबाहेरच्या आगारांत १० टक्क्यांच्या वर सहज जातात. १२ मीटरची डिझेल बस शहरात १०० किलोमीटरला साधारण ३० ते ५० लिटर घेते. तफावत एवढी मोठी असण्याची कारणे म्हणजे थांब्यांमधले अंतर, वेग, वातानुकूलन, चढ आणि चालकाची सवय. म्हणून संपूर्ण ताफ्याचा एक आकडा न ठेवता निदान गाडीचा प्रकार, वातानुकूलन आणि मार्गाचा वेग एवढ्यांनुसार तो वेगळा करा. पंपावरच्या नोंदी आणि किलोमीटर यांचा महिन्याचा मेळ घाला. ओडोमीटर बंद पडलेल्या गाडीला वेळापत्रकातलेच किलोमीटर चढवले जातात, आणि रद्द झालेल्या फेऱ्याही त्यात धावल्यासारख्या दिसतात.

दुरुस्तीतला सापळा गाडीच्या वयाचा आहे. नवा ताफा वॉरंटीत असतो. पहिली दोन-तीन वर्षे मोठे भाग बदलावे लागत नाहीत. त्या वर्षांवरून काढलेला दर पुढच्या दहा वर्षांना लावला की सातव्या-आठव्या वर्षी इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे मोठे काम निघते तेव्हा अंदाजपत्रक कोसळते. संपूर्ण आयुष्यभराचा दुरुस्ती-खर्च एकूण किलोमीटरने भागून दर काढा, आणि अंदाजपत्रकासाठी वयानुसार वेगळी तक्ता-ओळ ठेवा. टायरचा हिशेब सोपा: दोन धुऱ्यांच्या बसला पुढे २, मागे ४, असे ६ टायर. नव्या टायरची किंमत अधिक रिमोल्डिंगचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा थर चढवण्याचा खर्च, भागिले नव्या आणि रिमोल्ड आयुष्यातले मिळून किलोमीटर.

वह्या आधी साफ करा

सूत्र कितीही चांगले असले तरी आकडे लेखा-वह्यांतून येतात, आणि त्या वह्या या कामासाठी लिहिलेल्या नसतात. काही गोष्टी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडतात. पगारपत्रकावर चालक म्हणून असलेले काही जण प्रत्यक्षात कार्यालयात किंवा गेटवर काम करतात. त्यांचा खर्च तासांच्या गठ्ठ्यात राहिला तर क फुगतो. वेतनवाढीची मागील वर्षांची थकबाकी एकाच वर्षात दिलेली असते, ती ज्या त्या वर्षाला परत वाटा. निवृत्तांची देणी चालू फेऱ्यांमुळे वाढत नाहीत, ती वेगळी काढा. वर्षाच्या शेवटी घाऊक घेतलेले टायर त्याच वर्षी खर्ची पडलेले दिसतात, वापर पुढच्या वर्षी होतो.

याच्या उलट, काही खर्च वहीत मुळी दिसतच नाहीत. अनुदानातून आलेल्या गाड्यांवर घसारा लावलेला नसतो, आगाराची जागा फुकट असते, थांबे दुसरा विभाग सांभाळतो. आजचे अंदाजपत्रक बनवताना ते वगळले तर चालेल. पण पंधरा वर्षांची योजना आखताना किंवा दोन पर्यायांची तुलना करताना ते धरलेच पाहिजेत, नाहीतर अनुदान ज्याला मिळाले तो पर्याय आपोआप स्वस्त ठरतो.

भांडवली खर्चासाठी किंमत भागिले आयुष्य हा घसारा पुरत नाही, कारण गुंतलेल्या पैशाला व्याज आहे. व्याजदर ८ टक्के आणि आयुष्य १२ वर्षे धरले तर वर्षाचा समान हप्ता किमतीच्या १३.२७ टक्के येतो. साध्या भागाकाराने ८.३३ टक्केच दिसतो. महागाईचेही तसेच. पगार, इंधन आणि सुटे भाग वेगवेगळ्या गतीने वाढतात, म्हणून तिन्ही गठ्ठ्यांना वेगळे निर्देशांक लावा. सगळ्यांना एकच टक्केवारी लावली की पाच वर्षांत गठ्ठ्यांचे प्रमाणच चुकते.

विजेच्या बस आणि रेल्वे

विजेच्या बसला ऊर्जा स्वस्त पडते, पण वेळापत्रक आणि खर्च एकमेकांत अडकतात. १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे साधारण १ ते १.५ किलोवॉट-तास लागतात; कडाक्याच्या थंडीत गाडी तापवताना २ च्या वरही जातात. ३०० किलोवॉट-तासांच्या बॅटरीतले ८० टक्के वापरता येतात असे धरले, तर २४० किलोवॉट-तास, आणि १.२ च्या दराने २०० किलोमीटर. बॅटरीची क्षमता वयाने ८० टक्क्यांवर आली की १६०. ज्या गाडीचे दिवसाचे काम २२० किलोमीटर आहे तिला एकतर दुपारी चार्जिंग द्यावे लागेल किंवा दुसरी गाडी जोडावी लागेल. म्हणून १०० डिझेल गाड्यांच्या जागी १०० विजेच्या गाड्या हे गृहीत मॉडेलमध्ये थेट लिहू नका. प्रत्येक गाडीचे दिवसाचे काम तपासून मगच संख्या ठरवा. हे करताना नवी बॅटरी नव्हे, आयुष्याच्या शेवटची बॅटरी धरायची.

विजेचे बिल नुसत्या युनिटांचे नसते, कमाल मागणीचेही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचेही, पैसे असतात. ५० गाड्या रात्री आल्या-आल्या ६० किलोवॉटच्या चार्जरला लावल्या तर मागणी ३,००० किलोवॉट. प्रत्येकीला २०० किलोवॉट-तास हवे आणि चार्जिंगमधली गळती १० टक्के धरली तर रात्रीचे ११,००० किलोवॉट-तास होतात. ते ७ तासांत सारखे पसरले तर मागणी सुमारे १,५७० किलोवॉट, जवळजवळ निम्मी. हा खर्च किलोमीटरचा नाही, तासाचा नाही, कमाल गाडीचाही धड नाही. त्याला मॉडेलमध्ये स्वतःची ओळ द्या.

मेट्रो किंवा उपनगरी रेल्वेला तीन घटक पुरत नाहीत. मोटरमनचा खर्च गाडी-तासांवर असतो, मग गाडी ४ डब्यांची असो वा ८. कर्षणाची (गाडी ओढणारी) वीज आणि डब्यांची देखभाल डबा-किलोमीटरवर. रूळ, सिग्नल आणि वीजपुरवठा यांचा खर्च मुख्यतः रुळांच्या लांबीवर. स्थानकांचा खर्च स्थानकांच्या संख्येवर, आणि भुयारी स्थानकाला हवा खेळती ठेवणे, पंप, सरकते जिने यांमुळे जमिनीवरच्या स्थानकापेक्षा कितीतरी जास्त. यातले शेवटचे दोन गठ्ठे एकही गाडी न धावता उभे असतात. त्यामुळे रेल्वेत आहे त्या मार्गावर गाड्या वाढवल्या की प्रति डबा-किलोमीटर खर्च झपाट्याने उतरतो, तर बसमध्ये तसा फायदा मर्यादितच मिळतो. बस आणि मेट्रोची तुलना करताना एका प्रवासीसंख्येवरचा आकडा देऊ नका. ताशी प्रवासी बदलत नेऊन दोन्हींच्या खर्चाच्या रेषा काढा.

संख्याशास्त्राचा मोह

दहा-बारा वर्षांचे आकडे घेऊन रिग्रेशनने, म्हणजे त्या आकड्यांवर उत्तम बसणारे सूत्र शोधण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, क, ख, ग काढावेत असे अनेकांना वाटते. एका संस्थेच्या आकड्यांवर ते सहसा टिकत नाही. तास आणि किलोमीटर हातात हात घालून वाढतात, त्यामुळे खर्चाचा वाटा कोणाचा हे सूत्राला ओळखता येत नाही. एखादा गुणक चक्क उणे येतो आणि एक वर्ष वगळले की सगळे बदलते. १९७३ साली क्रिस्टेन्सन, जॉर्गेन्सन आणि लाउ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेले ट्रान्सलॉग रूप, म्हणजे चलांचे लॉगरिदम, त्यांचे वर्ग आणि आपसातले गुणाकार यांचे सूत्र, अभ्यासकांचे आवडते आहे. पण चार चलांसाठी त्यात, निर्बंध घालण्याआधी, १५ गुणक असतात. अनेक शहरांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर, संस्था मोठी झाल्याने खर्च घटतो का, असल्या प्रश्नांना ते योग्य आहे. तुमच्या तीन प्रश्नांना नाही. रिग्रेशन वापरायचेच तर छोट्या, भरपूर नोंदी असलेल्या तुकड्यांवर वापरा: इंधन आणि वेग-थांबे-वातानुकूलन, दुरुस्तीचे तास आणि गाडीचे वय, थांब्यावरचा वेळ आणि चढणारे प्रवासी. तिथे ते खरोखर चांगले काम करते.

एक सीमा मात्र ध्यानात ठेवा. हे सगळे संस्थेच्या खिशातल्या खर्चाचे मॉडेल आहे. थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाचा वेळ यात नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवले की तो वेळ धरला तर फेऱ्यांची योग्य वारंवारता मागणीच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात येते, आणि प्रवासी वाढले की प्रत्येकाला पडणारा एकूण खर्च उतरतो. फेऱ्या कमी करून वाचलेला पैसा मोजताना हा वेळ बाजूला दुसऱ्या रकान्यात तरी लिहा.

तपासणी, आणि तिसरा प्रश्न

मॉडेल वापरण्याआधी दोन कसोट्या लावा. पहिली, सगळ्या मार्गांना वाटलेला खर्च जोडला की वहीतल्या एकूण खर्चाइतका आला पाहिजे, राखीव गाड्या आणि रिकामे किलोमीटर धरून. दुसरी अधिक कडक: दोन-तीन वर्षांपूर्वी सेवेत झालेला एखादा मोठा बदल घ्या, त्याच्या आधीच्या वर्षाचे गुणक वापरून नंतरच्या वर्षाचा खर्च काढा, भाववाढ वजा करा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. एकूण आकडा जुळला म्हणून थांबू नका, प्रत्येक गठ्ठा वेगळा ताडा. इंधन ६ टक्के जास्त आणि पगार तेवढ्याच रकमेने कमी निघाले तर एकूण आकडा सुरेख जुळतो, आणि पुढच्या बदलाला मॉडेल आपटते.

आता मार्ग बंद करण्याचा प्रश्न. समजा त्या मार्गावर ३ कमाल गाड्या आहेत, प्रत्येकी १२ तास, वर्षाचे ३५० दिवस. १२,६०० तास, वेग १४ धरून १,७६,४०० किलोमीटर. सरासरीचा दर म्हणतो २४.५ लाख वाचतील. तीन घटकांचे सूत्र तर म्हणते २७.५ लाख. दोन्ही आकडे बचतीचे नाहीत. ते त्या मार्गाच्या वाट्याला येणाऱ्या खर्चाचे आहेत, आणि वाट्याचा खर्च व टाळता येणारा खर्च यांत फरक असतो.

पहिल्या महिन्यापासून खरोखर थांबतो तो किलोमीटरचा खर्च, वर्षाला सुमारे ७.०६ लाख. तासांचे १२.६ लाख तेव्हाच थांबतील जेव्हा सुटलेले चालक-वाहक दुसरीकडचा ओव्हरटाइम भरून काढतील किंवा निवृत्तांच्या जागी बसतील. नवी भरती थांबवून हे व्हायला साधारण एक-दोन वर्षे लागतात. कमाल गाडीचे २.६२ लाख तर तीन भागांत फोडून पाहावे लागतात. १.२० लाख भांडवलाचे, ०.४२ लाख विमा व काळाच्या दुरुस्तीचे, आणि १.०० लाख आगार व प्रशासनाचे. पहिले दोन सुटतात ते गाडी विकली किंवा पुढची खरेदी एका गाडीने कमी केली तर. तिसरा ३ गाड्यांनी हलत नाही. आगारच बंद झाले तर हलतो. हेच वाढीलाही लागू आहे: आगारात जागा असेल तर गर्दीतल्या त्या २ जादा गाड्यांचा खरा वाढीव खर्च १०.५२ नव्हे, ८.५२ लाख. पण आगार भरलेले असेल, तर पुढची एक गाडी नव्या आगाराचा प्रश्न घेऊन येते.

म्हणून मार्ग बंद करण्याच्या प्रस्तावात तीन रकाने करा: पहिल्या वर्षी, तिसऱ्या वर्षी आणि आगाराचा निर्णय झाल्यावर. त्या मार्गाचे उत्पन्न मात्र पहिल्याच दिवशी जाते, आणि त्यावरून दुसऱ्या मार्गावर गाडी बदलणाऱ्या प्रवाशांचे तिथले उत्पन्नही. ते वजा केल्यावर पहिल्या वर्षाचा रकाना पुष्कळदा उणे येतो.